पाट्या वाहणाऱ्यांची पाटी

इंग्रजांनी १८५३ साली भारतात रेल्वे आणली, हे आम्ही शाळेत पाठ केलं. परीक्षेत रिकामी जागा भरायला हे वाक्य हमखास यायचं. कधी साल गाळलेलं असायचं, कधी गाव. 'इंग्रजांनी' हा शब्द मात्र मी शाळेत असेतोवर कुणी गाळला नाही. मला आज तोच गाळायचा आहे.

इंजिनं बोटीतून आली, कबूल. रूळ बोटीतून आले, कबूल. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, ही कंपनीच लंडनची. १८४९ साली तिथल्या पार्लमेंटच्या कायद्यानं उभी राहिलेली. तिचे मुख्य इंजिनीअर जेम्स बर्कले साहेबही बोटीतूनच आले. पण आमचा बोरघाट काही बोटीतून उतरला नव्हता. तो इथंच होता, काळ्या कातळाचा, पावसाळ्यात ढगात डोकं खुपसून उभा असलेला. तो कुणीतरी फोडला. ज्यानं फोडला त्याचं नाव काय?

खेड्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. आमच्याकडं 'पाटलाची विहीर' म्हणतात. पाटलानं विहीर पाडली, असंच सगळे सांगतात. आता पाटलानं कधी हातात टिकाव घेतला नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वडार आले, त्यांनी पालं ठोकली, चार महिने सुरुंग लावले, पाणी लागलं, पाटलानं नारळ फोडला, वडार गेले. विहीर पाटलाची झाली. गावात निदान म्हातारी माणसं सांगतात तरी, की अमक्या सालच्या दुष्काळात अमक्या वडाराच्या टोळीनं ती पाडली. रेल्वेच्या बाबतीत तेवढंही नाही.

दर वर्षी १६ एप्रिल आला की पेपरात तोच मजकूर येतो. बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल. डबे १४, पाहुणे सुमारे ४००. २१ तोफांची सलामी. आणि तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. मी हा मजकूर इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचलाय की झोपेत म्हणून दाखवीन. त्यात तोफा मोजलेल्या आहेत, डबे मोजलेले आहेत, लोखंडाच्या इंजिनांनासुद्धा बारशाची नावं आहेत. ज्यांनी भराव घातला, पूल बांधले, रूळ अंथरले, त्यांचा आकडाही नाही आणि नावही नाही. साहेबाच्या पोराला मास्तर नावानं हाक मारणार आणि गड्याच्या पोराला 'ए पोऱ्या' म्हणणार, तसला हा प्रकार आहे.

बरं, ठाण्यापर्यंतची रेल्वे म्हणजे सपाटीवरचं काम. खरी कसोटी पुढं होती. सह्याद्री चढल्याशिवाय देशावरचा कापूस मुंबईच्या गोदीत उतरणार नव्हता, आणि कापूस उतरावा म्हणूनच तर हा सगळा खटाटोप होता. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. मग काय, मुंबईचा उतारू खोपोलीला उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसायचा, घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. पाच वर्षं हे असं चाललं. त्या पालख्याही कुणीतरी खांद्यावर घेतच होतं. साहेबाच्या रेल्वेचा मधला तुकडा माणसाच्या खांद्यावरून जात होता, हे कुठल्या पुस्तकात ठळक अक्षरात छापलेलं मला दिसलं नाही.

घाटाचं काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं आणि गाडी धावली २१ एप्रिल १८६३ ला. लांबी पंधरा मैलांच्या वर, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. चढ १,८३१ फुटांचा. बोगदे २५, मोठे कमानीपूल ८. जिथं चढ सगळ्यात उभा, तिथं ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर. मध्येच एका ठिकाणी वळायला जागाच नाही म्हणून गाडी थांबवून उलट्या तोंडानं काढायची सोय केलेली. तिला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणायचे. ते १९२९ पर्यंत चाललं. हे आकडे रेल्वेची आवड असलेल्या पोरांना पाठ असतात. आता त्यांच्या शेजारी माझा एक आकडा लिहा. १८६१ च्या जानेवारीत ह्या घाटात एका वेळी ४२,००० च्या वर माणसं कामावर होती. बेचाळीस हजार! आमच्या भागातली आठवड्याची दहा बाजारं एकत्र केली तरी एवढी माणसं भरणार नाहीत.

ही माणसं काम कशी करत होती? डोंगर फोडायचं यंत्र तेव्हा इथं नव्हतं. पहार, छिन्नी, घण, टिकाव, फावडं आणि पाटी. कड्यावर उभं राहायला जागा नसेल तिथं कमरेला दोर बांधून माणूस वरून खाली सोडायचे. तो लोंबकळत कातळाला भोक पाडायचा, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि त्याला वर ओढायचं. वर ओढणाऱ्याचा हात चुकला, दोर घासला, वात लवकर पेटली, तर काय व्हायचं ते सांगायला नको. फुटलेला दगड आणि मुरूम बायापोरांनी पाटीत भरून डोक्यावरून वाहायचा. राहायला गवताच्या झोपड्या. पाणी ओढ्याचं, त्यातच पिणं, त्यातच धुणं. मग पटकी आली नाही तरच नवल. ती आली, आणि हजारांनी माणसं मेली. जी उरली त्यांतली बरीच रातोरात चालती झाली. पाऊस लागला की काम बंद, लोक गावाला. दसरा-दिवाळी उलटली की पुन्हा पाटी डोक्यावर.

कोण होते हे लोक? दगडमातीचं काम पिढीजात करणारे वडार आणि बेलदार होते. गावकीच्या जोखडातून रोख मजुरीकडं निघालेले महार होते. सुगी संपली की हातात पैसा नसलेले कुणबी होते. ह्या लोकांना घाटात आणलं कुणी? गोऱ्या साहेबानं गावोगाव फिरून नाही आणलं. मुकादमानं आणलं. साहेब ठेकेदाराला पैसे देणार, ठेकेदार पोटठेकेदाराला, पोटठेकेदार मुकादमाला, मुकादम मजुराला. नळाला इतकी भोकं असल्यावर शेवटच्या माणसाच्या घागरीत काय पडणार?

काय पडलं ते १८५९ च्या जानेवारीत दिसलं. फेवियल नावाच्या इंग्रज ठेकेदाराकडं तेव्हा घाटाचं काम होतं. मजुरी थकली होती. माणसं मागायला गेली, मिळाली नाही, आणि त्यांनी ठेकेदाराच्या गोऱ्या माणसांना मारलं. इतिहासात ह्याला 'घाटातला दंगा' म्हणतात. माझं भांडण ह्या शब्दाशी आहे. माणसाचे पैसे थकवले तर त्याला 'व्यवहारातला उशीर' म्हणायचं, आणि त्यानं ते हात उगारून मागितले की 'दंगा' म्हणायचं! आमच्याकडं सालगड्यानं ठरलेलं धान्य मागितलं की 'माजला' म्हणतात, त्यातलाच हा शब्द. चौकशी बसली. फेवियलनं मार्चमध्ये काम सोडलं. म्हणजे माणसांचं गाऱ्हाणं अगदीच खोटं नव्हतं, हे त्यांच्याच कागदांनी कबूल केलं.

पुढची गंमत ऐका. ह्या असल्या भांडणांवर उपाय म्हणून १८६० साली सरकारनं कायदा केला. रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरचे मजूर आणि मालक यांचे तंटे लवकर मिटवण्याचा. मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटसमोर नेता येईल, ही त्यातली चांगली बाजू. पण ठरलेलं काम सोडून मजूर निघून गेला, तर तो गुन्हा ठरला. मालकानं पैसे बुडवले तर पैशाचा मामला, आणि मजुरानं काम सोडलं तर फौजदारी. झोपडीत पटकी शिरलीय, शेजारचं माणूस काल गेलं, अशा वेळी पळून जाणारा गुन्हेगार. हा कायदा १९३२ पर्यंत पुस्तकात होता. एवढी वर्षं! माझ्या आज्याच्या तरुणपणापर्यंत.

आणि आता हमीची गोष्ट. ज्यांना 'रेल्वे ही इंग्रजांची देणगी' असं म्हणायची सवय आहे, त्यांनी ही नीट ऐकावी. लंडनमध्ये ज्यांनी जीआयपीचे शेअर घेतले, त्यांना सरकारनं शेकडा ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. गाडीला फायदा झाला तर उत्तम. नाही झाला, तर कमी पडलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून देणार. हिंदुस्थानच्या तिजोरीत पैसा कुठला? मुख्यतः शेतसाऱ्याचा. म्हणजे माझ्या पणज्यानं सारा भरला, त्यातून लंडनच्या कुठल्याशा म्हातारीला तिच्या शेअरवर घरबसल्या पाच टक्के गेले. त्याच पणज्यानं सारा भरायला रोकड हवी म्हणून घाटात पाटी उचलली. एकदा डोक्यानं वाहिलं आणि एकदा खिशानं. ही देणगी असेल तर सावकाराचं कर्जही देणगीच म्हणावं लागेल.

ह्या व्यवहारात हमी एकालाच होती, हा माझा मुख्य मुद्दा आहे. शेअरवाल्याला पाच टक्क्यांची हमी. मजुराला आठवड्याच्या पगाराची हमी नाही, स्वच्छ पाण्याची नाही, दोराची नाही, मेल्यावर घरी निरोप पोचेल याचीसुद्धा नाही. जोखीम घेतो त्याला नफा मिळतो, असं अर्थशास्त्राची पुस्तकं शिकवतात. मग कड्याला लोंबकळणाऱ्यानं जोखीम घेतली होती, की लंडनला शेकोटीपाशी बसलेल्यानं?

तुम्ही म्हणाल, कुणी जबरदस्ती केली होती का? आपण होऊन आले, मजुरी घेतली, मिटलं. आपण होऊन आले हे खरं. पण साऱ्याचा हप्ता आणि सावकाराचा तगादा असं दोन्हीकडून दाबलेला माणूस जेव्हा तिसरीकडं सरकतो, तेव्हा त्याला 'आपण होऊन' म्हणायचं का, हे ज्यानं हप्ता भरलाय त्यानं ठरवावं. आणि मजुरी घेतली म्हणता, तर ती वेळेवर न मिळाल्याचंच तर सगळं भांडण होतं.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. एका कार्यक्रमात एक वक्ते आले होते, शिकलेले, मोठे. त्यांनी एक गोष्ट रंगवून सांगितली. साहेबानं मजुरांना एकचाकी हातगाडी दिली, तर ह्या अडाण्यांनी तिच्यात माती भरली आणि हातगाडीच डोक्यावर घेतली! सभा हसली. ही गोष्ट जुनी आहे, इंग्रजांनी भरपूर सांगितलेली आहे, आणि तेव्हापासून आपण ती आपल्याच माणसांवर हसायला वापरतोय. मला एवढंच विचारायचं आहे, की घाटातल्या शेळीच्या वाटेवरून एकचाकी गाडी चालवून दाखवायला कुणी तयार आहे का? तिला सपाट वाट लागते, नाहीतर फळ्या अंथराव्या लागतात. डोक्यावरच्या पाटीला पायापुरती जागा पुरते. जे हत्यार जमिनीला जुळतं ते शहाणपणाचं. आमच्या बायका आजही तीन हंडे घेऊन कड्याची वाट चढतात. ते बघायला पर्यटक थांबतात, फोटो काढतात. हसत नाहीत.

आणि कौशल्याची गोष्ट ह्या मुलखात तरी करू नये. बोरघाटाच्या डोक्यावर राजमाचीचा किल्ला उभा आहे. पुढं लोहगड, विसापूर. जवळच कार्ल्याचं आणि भाज्याचं लेणं आहे, दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच काळ्या दगडात कोरलेलं. ज्या मुलखातल्या माणसानं छिन्नीनं डोंगराच्या पोटात कमान काढली, त्याला बोगदा कसा खोदायचा हे बोटीतून शिकून यायला लागलं, असं म्हणणाऱ्यानं एकदा कार्ल्याच्या पायऱ्या चढाव्या. बर्कलेंची मोजणी, त्यांचा नकाशा, चढाचं गणित, हे मी मानतो. तो माणूस हुशार होता, कष्टाळू होता, आणि घाट पुरा झालेला बघायच्या आधीच १८६२ साली वारला. त्यांच्या नावाची पाटी काढा असं मी म्हणत नाही. शेजारी दुसरी लावा म्हणतो.

तिसरी गोष्ट बायांची. फेवियलनंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार आला. तो १८५९ साली आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून गेला. त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ठेका सोडला नाही. ॲडमसन आणि क्लाउझर ह्या दोघांना कामाची व्यवस्था पाहायला लावून तिनं काम पुरं करून दिलं. हल्ली तिच्यावर लेख येतात, 'घाट बांधणारी बाई' म्हणून. तिच्या धीराला माझा नमस्कार आहे. नवरा परमुलखात गेलेला, आणि बाई डगमगली नाही. पण त्या बेचाळीस हजारांत बायका किती होत्या? पोटूशी बाई पाटी उचलत होती, ओली बाळंतीण झोळी झाडाला टांगून पाटी उचलत होती. त्यांतलीही कितीतरी जणींचे नवरे त्याच पटकीत गेले असतील, आणि दुसऱ्या दिवशी त्याही पाटीला हात घालून उभ्या राहिल्या असतील. 'घाट बांधणारी बाई' एक कशी? सॉलोमन ट्रेडवेल आजारानं गेला तर त्याची नोंद झाली, नाव राहिलं. त्याच हवेनं, त्याच पाण्यानं गेलेल्या आमच्या माणसांची नोंद 'मजूर' एवढ्या एका शब्दात संपते.

आता कुणी म्हणेल, आपल्याही माणसांची नावं घेतात की हल्ली. घेतात. नाना शंकरशेटांचं घेतात, जमशेटजी जीजीभाईंचं घेतात, आणि घ्यायलाच पाहिजे. त्यांनी रेल्वे यावी म्हणून खटपट केली. पण साहेबाच्या जागी शेटजी बसवला म्हणजे न्याय झाला असं नव्हे. घाटात गेलेल्यांपैकी ना कुणी साहेब होता ना कुणी शेट. ह्या बाबतीत मला जोतीरावांचं कौतुक वाटतं. फुल्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतली होती, म्हणून त्यांना आतलं ठाऊक होतं. इंजिनीअर खात्यातले कारकून कामगारांना कसे नाडतात, यावर त्यांनी पवाडा रचला. त्या काळात राजांचे आणि सरदारांचे पवाडे रचत. मजुरीच्या चोरीवर पवाडा रचावा असं वाटणारा हा माणूस.

रेल्वे आल्यावर ह्या लोकांचं पुढं काय झालं, तेही सांगतो. घाटावरून मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर नेणारे लमाण होते. पिढ्यानपिढ्यांची त्यांची वाट. गाडीनं एका खेपेत त्यांच्या शेकडो बैलांचं ओझं नेलं, आणि त्यांचा धंदा बसला. वडारांनी एका ठिकाणचं काम संपवलं की पाल उचलून दुसरीकडं जायचं. मग सरकारला भटक्यांचा संशय यायला लागला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढं तो पसरत गेला. आज महाराष्ट्र सरकारची विमुक्त जातींची यादी काढून बघा. तिच्यात वडार आहेत, लमाण आहेत. 'विमुक्त' म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली पुसला ते. ज्यांनी डोंगर फोडून दिला आणि ज्यांचा धंदा त्या डोंगरातल्या वाटेनं खाल्ला, त्या दोघांच्याही कपाळी शिक्का. तोफांची सलामी मिळाली इंजिनांना.

पण लोक एवढे विसरभोळे नाहीत. कागद विसरला तरी मुलूख लक्षात ठेवतो. खोपोलीहून जुन्या रस्त्यानं घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले आजही तिथं नाणं टाकल्याशिवाय पुढं जात नाहीत. शिंग्रोबा हा धनगर. घाटातून वाट कुठून काढावी हे साहेबांना सापडेना, तेव्हा गुरं चारणाऱ्या ह्या माणसानं त्यांना वाट दाखवली, असं सांगतात. साहेब खूश झाला, म्हणाला, माग काय हवं ते. धनगर म्हणाला, आमचा मुलूख सोडून जा, आम्हाला स्वातंत्र्य द्या. तेव्हा साहेबानं त्याला गोळी घातली. ही दंतकथा आहे, दप्तरातली नोंद नाही, हे मला समजतं. पण दंतकथा उगाच उगवत नाही. ज्यांनी मेहनत दिली आणि मोबदला मागताच मार खाल्ला, त्यांनी आपली सगळी हकिगत एका धनगरात घातली आणि त्याला देव केलं. सरकारनं पाटी लावली नाही, म्हणून लोकांनी शेंदूर लावला.

एवढं सगळं बांधणाऱ्यांबद्दल. पण रेल्वे एकदा बांधून संपत नाही, हे मला पुस्तकानं नाही शिकवलं, घरानं शिकवलं. माझा आजा घाटात गँगमन होता आणि वडील त्याच रुळावर चावीवाले. चावीवाला म्हणजे रोज आपल्या हद्दीतला प्रत्येक रूळ पायी चालत बघणारा माणूस. खांद्यावर हातोडा, हातात लाल-हिरवी झेंडी. कुठं चावी ढिली झाली ती ठोकायची, कुठं बोल्ट सैल झाला तो आवळायचा, रुळाला चीर दिसते का बघायची. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मी एकदा विचारलं, "आप्पा, रोज तेच रूळ बघून कंटाळा नाही का येत?" तर म्हणाले, "आरं, तेच कुठं आसत्यात? काल ऊन व्हतं, आज गारठा हाय. रूळ बी हलतो, माणसावानीच."

त्या एका वाक्यात लोखंडाचं सगळं शास्त्र आहे. उन्हानं रूळ फुगतो आणि वाकू बघतो, थंडीनं आखडतो आणि तडकतो. पावसात भराव खचतो, दरड येते. आज्याला पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. डोक्यावर इरलं, हातात कंदील, कमरेच्या पिशवीत फटाके. वाटेत दरड दिसली की गाडीच्या दिशेनं पळत जायचं आणि रुळावर फटाके बांधायचे. गाडीचं चाक त्यावरून गेलं की आवाज होतो, ड्रायव्हर गाडी थांबवतो. आजा म्हणायचा, "गाडीतली मानसं झोपल्याली आसत्यात. त्यास्नी काय ठाव, कोन जागं हाय ते." तक्रारीचा सूर नसायचा. उलट थोडा तोराच असायचा. मला तो तोरा आवडायचा, आणि आज त्याचाच राग येतो. इतक्या स्वस्तात मिळणारा तोरा होता म्हणून.

घाट किती वेळा पुन्हा बांधावा लागला, याचा एक दाखला देतो. गाजावाजा करून उघडलेल्या ह्याच घाटातला मौकी माळीचा कमानीपूल १८६७ च्या जुलैमध्ये, भर पावसात कोसळला. उघडून पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. तो पुन्हा उभा करावा लागला. उद्घाटनाची तारीख सगळ्यांना माहीत, ढासळल्याची कुणाला नाही. तेव्हापासून आजपर्यंत दर उन्हाळ्यात घाटातली टोळी दोर बांधून कड्यावर चढते आणि पावसाआधी सुटलेले धोंडे पाडते. तिला हिल गँग म्हणतात. कमरेला दोर १८५६ साली होता आणि आजही आहे. फरक एवढाच, की आता दोर चांगला असतो आणि डोक्यावर टोप असतो. तेवढीच काय ती दीडशे वर्षांची कमाई, आणि तीसुद्धा भांडून मिळवलेली.

हे सगळं उकरून काय मिळणार, असं माझाच भाचा मला विचारतो. तो पुण्याला कंपनीत आहे, घाटातून गाडीत बसून जातो, मोबाईलवर धबधब्यांचे फोटो काढतो. "मामा, झालं गेलं. आता कोण जिवंत आहे?" मी त्याला म्हटलं, बाबा, पाटी वाहणारा जिवंत आहे. घाटात आजही काम निघालं की रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या खोल्या उठतात. आता त्यांत झारखंडचा, ओडिशाचा, बिहारचा माणूस राहतो. त्याला कोण घेऊन आलं? मुकादम. पैसे कुणाकडून? पोटठेकेदाराकडून. काम पुरं झालं की पत्रे निघतात, फीत कापली जाते, कोनशिलेवर मंत्र्याचं नाव कोरलं जातं. कोरणारा पाथरवटही पुन्हा आमचाच, आणि त्याचंही नाव त्या दगडावर नाही. जुन्या मजुराला विसरायची सवय लागली की आजचा मजूर डोळ्यांसमोर असून दिसत नाही. म्हणून उकरायचं.

आणि हे करता येत नाही असं कुणी सांगू नये. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. ती बांधताना जे कामगार गेले, त्यांच्यासाठी रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभं आहे. तिथं जमलं. मग सगळ्यात आधीच्या, सगळ्यात मोठ्या घाटात का जमू नये? नावं मिळणार नाहीत म्हणाल. नसतील मिळत. बिननावाच्या सैनिकाचं स्मारक दिल्लीत होतं, तसं बिननावाच्या मजुराचं खंडाळ्यात होईल.

माझी मागणी लहान आहे. खंडाळ्याच्या किंवा पळसदरीच्या फलाटावर एक दगड बसवा. ह्याच घाटातला काळा दगड, संगमरवर नको. त्यावर पुतळा नको, देवाची मूर्ती नको, कुणा पुढाऱ्याचं नाव तर मुळीच नको. एक पाटी कोरा, एक घण कोरा, एक दोर कोरा. खाली लिहा, १८५६ ते १८६३. लिहा, वडार, बेलदार, महार, कुणबी आणि आणखी कितीतरी, बायापोरांसकट. लिहा, एका वेळी बेचाळीस हजार. आणि १८५९ च्या जानेवारीत त्यांची मजुरी थकली होती, हेही लिहा. तेवढी एक ओळ गाळू नका.